राजकीय ध्रुवीकरण म्हणजे काय? सोशल मीडिया आणि पक्षपाती न्यूज चॅनल त्यात नेमकी काय भर घालतात?

'तुमच्या मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या समर्थकाशी लग्न केलं, तर तुम्हाला वाईट वाटेल का?'

१९६० साली अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणात लोकांना साधारण असा प्रश्न विचारण्यात आला होता. तेव्हा 'हो, वाईट वाटेल' म्हणणारे जेमतेम ४ ते ५ टक्के निघाले. २०१० मध्ये तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी रिपब्लिकन समर्थकांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटिक समर्थकांपैकी एक तृतीयांश लोक 'हो' म्हणाले.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्या गोष्टीकडे कुणी लक्षही दिलं नसतं, ती आता सोयरीक जुळवताना आड येऊ लागली होती. या बदलालाच राजकीय ध्रुवीकरण म्हणतात. त्याचं कारण विचारलं की बहुतेकांची बोटं दोन ठिकाणी वळतात: हातातला मोबाईल आणि भिंतीवरचा टीव्ही. हा आरोप कितपत खरा आहे? यावर सर्वाधिक संशोधन अमेरिकेत झालंय, त्यामुळे आधी तिथलं चित्र पाहू आणि मग आपल्याकडे येऊ.

ध्रुवीकरण म्हणजे फक्त मतभेद का?

नाही. ध्रुवीकरणाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिला प्रकार मुद्द्यांवरचा. कर किती असावा, बंदुकांवर बंधनं असावीत का, अशा प्रश्नांवर दोन गटांची मतं एकमेकांपासून लांब जाणं. लोकशाहीत असे मतभेद असणारच, किंबहुना ते असावेतच. पक्ष वेगळे नसतील तर मतदाराला निवड तरी काय उरते?

दुसरा प्रकार भावनांचा. समोरच्याचं मत पटत नाही इतकंच नव्हे, तर तो माणूसच नकोसा वाटतो. तो देशाचं वाईट चिंतणारा, अप्रामाणिक किंवा मूर्ख आहे अशी खात्री होते. याला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक ठळकपणे मांडला. लग्नाच्या प्रश्नावरची आकडेवारीही त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासातून चर्चेत आली.

धोका या दुसऱ्या प्रकारात जास्त आहे. समोरचा पक्ष जिंकला तर देश बुडेल अशी खात्री झाली, की निवडणूक हरणं मान्य करणं कठीण होतं. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जमाव संसद भवनात घुसला, तो २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल मान्य नसल्यामुळेच.

समोरच्या बाजूविषयी लोकांना किती माहिती असते?

फारच कमी, आणि जी असते ती बरीचशी चुकीची. डग्लस आहलर आणि गौरव सूद यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकनांना विचारलं: रिपब्लिकन समर्थकांपैकी किती जणांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त असेल? लोकांचा सरासरी अंदाज होता ३८ टक्के. खरा आकडा होता सुमारे २ टक्के. डेमोक्रॅटिक समर्थकांपैकी किती जण समलिंगी किंवा उभयलिंगी असतील? अंदाज ३२ टक्के, प्रत्यक्षात सुमारे ६ टक्के.

यातली सर्वात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे, राजकीय बातम्यांमध्ये ज्यांना जास्त रस होता त्यांचे अंदाज जास्त चुकले. बातम्या पाहून चित्र स्पष्ट व्हायला हवं होतं, ते उलट जास्त विस्कटलं. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर चॅनलचा धंदा कसा चालतो ते पाहावं लागतं.

पक्षपाती चॅनल आले कुठून?

१९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत टीव्हीच्या बातम्या म्हणजे मुख्यतः तीन कंपन्या: एबीसी, सीबीएस आणि एनबीसी. प्रेक्षक सगळ्या विचारांचे असल्यामुळे कुणालाच फार दुखावून चालत नसे. शिवाय १९४९ पासून 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा सरकारी नियम होता. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्न मांडताना रेडिओ आणि टीव्ही केंद्रांनी वेगवेगळ्या बाजूंना जागा द्यावी, असं हा नियम सांगायचा.

१९८७ मध्ये हा नियम रद्द झाला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा उघडपणे उजव्या विचारांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि प्रचंड लोकप्रिय ठरला. १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज ही दोन केबल चॅनल आली. फॉक्स उजवीकडे झुकलेलं होतं, तर एमएसएनबीसी पुढे डावीकडे सरकत गेलं.

सगळा दोष नियम रद्द होण्याला देता येत नाही, कारण तो केबल चॅनलना लागू नव्हताच. खरा बदल धंद्याच्या गणितात झाला. तीन चॅनल असताना सगळ्यांना धरून ठेवावं लागायचं. पन्नास चॅनल झाल्यावर रोज न चुकता येणारा एक ठरावीक गट हाताशी असला तरी पुरतं. त्या गटाला बांधून ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे 'आपण' आणि 'ते' अशी मांडणी.

चॅनल पाहून खरंच मत बदलतं का?

की आधीच तसं मत असलेले लोकच ते चॅनल लावतात? हा प्रश्न सोडवायला संशोधकांना एक आयती संधी मिळाली. १९९६ नंतर फॉक्स न्यूज सगळीकडे एकदम पोहोचलं नाही. काही गावांतल्या केबलवाल्यांनी ते लवकर घेतलं, काहींनी उशिरा. स्टेफानो डेलाविन्या आणि इथन कॅप्लान यांनी ९ हजारांहून जास्त गावांची तुलना केली. जिथे फॉक्स आधी पोहोचलं होतं, तिथे १९९६ ते २००० या काळात रिपब्लिकन पक्षाला दर हजार मतांमागे ४ ते ७ मतं जास्त मिळाली.

आकडा लहान वाटतो. पण २००० ची अध्यक्षीय निवडणूक फ्लोरिडा राज्यातल्या ५३७ मतांच्या फरकानं ठरली होती.

दुसरा प्रयोग आणखी थेट होता. सप्टेंबर २०२० मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला यांनी फॉक्सच्या नेहमीच्या काही प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन पाहायला लावलं. प्रेक्षकांनी पक्ष बदलला नाही, पण काही गोष्टींबद्दलचं त्यांचं मत हललं. डोनाल्ड ट्रम्प यांच्या चुका फॉक्स दाखवणार नाही, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पैसे थांबल्यावर बहुतेक जण पुन्हा फॉक्सकडे वळले आणि झालेला बदलही बराचसा विरला.

या प्रयोगानं एक गोष्ट दाखवली. चॅनलचा पक्षपात फक्त खोटं सांगण्यात नसतो. कोणती बातमी दाखवायची आणि कोणती गाळायची, यातच तो जास्त असतो. दोन घरांतले टीव्ही संध्याकाळी दोन वेगळे देश दाखवत असतील, तर सकाळी दोघांचं बोलणं जुळणार कसं?

चॅनल प्रेक्षकांना घडवतं की प्रेक्षक चॅनलला?

दोन्ही होतं. त्याचा पुरावा एका कोर्टकचेरीत बाहेर आला. २०२० च्या निवडणुकीनंतर मतदान यंत्रांमध्ये गडबड झाल्याचे खोटे आरोप फॉक्सवर वारंवार झळकले. यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं बदनामीचा दावा ठोकला. त्यात उघड झालेल्या खासगी मेसेजवरून दिसलं, की चॅनलच्या काही बड्या निवेदकांचा आणि अधिकाऱ्यांचा स्वतःचाच या आरोपांवर विश्वास नव्हता. त्यांना भीती होती ती प्रेक्षक नाराज होऊन न्यूजमॅक्ससारख्या आणखी कडव्या चॅनलकडे जातील याची.

एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवलं. प्रेक्षकांना एकदा ठरावीक चवीची सवय लावली, की पुढे चॅनललाही ती बदलता येत नाही, हा या प्रकरणाचा धडा.

सोशल मीडियावर राग का जास्त पसरतो?

कारण तिथे पोस्ट किती पुढे जाणार हे लोकांच्या प्रतिक्रियांवर ठरतं, आणि राग ही झटपट येणारी प्रतिक्रिया आहे.

फेसबुकचं लाइक बटण आणि ट्विटरचं रिट्विट बटण ही दोन्ही २००९ मध्ये आली. त्यानंतर दर पोस्टला जणू गुण मिळू लागले. २०१७ च्या एका अभ्यासात बंदुका, समलिंगी विवाह आणि हवामान बदल या विषयांवरचे साडेपाच लाखांहून जास्त ट्विट तपासले गेले. नैतिक संताप किंवा तशी तीव्र भावना दाखवणाऱ्या दर शब्दामागे ट्विट पुढे जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. पण हा प्रसार मुख्यतः स्वतःच्याच गटात होत होता.

२०२१ मध्ये फेसबुक आणि ट्विटरवरच्या सुमारे २७ लाख पोस्ट तपासल्या गेल्या. या पोस्ट माध्यमांच्या आणि अमेरिकन संसद सदस्यांच्या होत्या. विरोधी गटाचा उल्लेख करणाऱ्या दर शब्दामागे पोस्ट शेअर होण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढत असल्याचं दिसलं. स्वतःच्या नेत्याचं कौतुक करण्यापेक्षा समोरच्याची खिल्ली उडवणं जास्त चालतं, हे यातून आकड्यांत दिसलं.

कंपन्यांनाही याची कल्पना होती. फेसबुकची माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन हिनं २०२१ मध्ये बाहेर आणलेल्या कागदपत्रांनुसार, २०१७ पासून फेसबुकचा अल्गोरिदम इमोजी प्रतिक्रियेला साध्या लाइकच्या पाचपट महत्त्व देत होता. त्यात रागाचा इमोजीही होता. हे महत्त्व टप्प्याटप्प्यानं कमी करत २०२० मध्ये रागाच्या इमोजीपुरतं शून्यावर आणलं गेलं. मधल्या काळात युरोपातल्या काही राजकीय पक्षांनी फेसबुककडे तक्रार केली होती, की या पद्धतीमुळे आम्हाला जास्त नकारात्मक पोस्ट टाकाव्या लागतात.

मग सगळा दोष अल्गोरिदमचाच का?

इथे मात्र सोपं उत्तर मिळत नाही. उलट दिशेनं जाणारे पुरावेही भक्कम आहेत.

एक, १९९६ ते २०१६ या काळात अमेरिकेत ध्रुवीकरण सर्वात जास्त वाढलं ते ६५ वर्षांवरच्या लोकांमध्ये, म्हणजे इंटरनेट सर्वात कमी वापरणाऱ्या वयोगटात.

दोन, इंटरनेट जगभर पसरलं, तरी जर्मनी आणि स्वीडनसारख्या देशांत गेल्या चार दशकांत भावनिक ध्रुवीकरण वाढण्याऐवजी कमी झालं. हा निष्कर्ष १२ देशांच्या तुलनेतून निघाला.

तीन, २०२० च्या निवडणुकीच्या वेळी फेसबुकची मालक कंपनी मेटा आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून मोठे प्रयोग केले. काही वापरकर्त्यांचा अल्गोरिदम बंद करून पोस्ट वेळेच्या क्रमानं दाखवल्या. काहींना शेअर केलेल्या पोस्ट दाखवणं थांबवलं. काहींच्या फीडमधल्या समविचारी पोस्ट एक तृतीयांशानं कमी केल्या. तीन महिन्यांनंतरही त्यांच्या राजकीय मतांत किंवा दुसऱ्या पक्षाविषयीच्या रागात लक्षणीय फरक पडला नाही. या निकालांवर पुढे आक्षेपही आला: प्रयोगाच्याच काळात मेटानं निवडणुकीसाठी आपत्कालीन उपाय म्हणून फीडमध्ये तात्पुरते बदल केले होते, त्यामुळे नेहमीच्या अल्गोरिदमची परीक्षा झालीच नाही.

दुसरीकडे, २०१८ च्या निवडणुकीआधी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलेल्या लोकांची मुद्द्यांवरची मतं थोडी मवाळ झाली. त्यांना बरंही वाटू लागलं. मात्र बातम्यांची माहिती कमी झाली आणि दुसऱ्या पक्षाविषयीचा राग फारसा उतरला नाही.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं हे कोडं थोडं उलगडलं. संशोधकांनी एक्सवरच्या सुमारे बाराशे वापरकर्त्यांच्या फीडमधून राजकारण काढलं नाही. फक्त विरोधकांचा द्वेष करणाऱ्या आणि लोकशाहीला बाधक अशा पोस्ट खाली ढकलल्या. दहा दिवसांत दुसऱ्या पक्षाविषयीची भावना १०० पैकी सुमारे २ अंकांनी सुधारली. ज्यांच्या फीडमध्ये अशा पोस्ट वर आणल्या, त्यांची तेवढीच बिघडली. अमेरिकेत एवढा बदल व्हायला एरवी साधारण तीन वर्षं लागली होती.

म्हणजे पोस्ट कोणत्या क्रमानं दिसतात यापेक्षा त्यात काय भरलंय, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

समोरच्या बाजूच्या पोस्ट वाचल्या तर राग कमी होईल का?

'लोक आपापल्या विचारांच्या खोलीत बंद आहेत, खिडकी उघडा म्हणजे झालं,' असं नेहमी सांगितलं जातं. पण मेटाच्याच अभ्यासात सर्वसाधारण वापरकर्त्याच्या फीडमध्ये समविचारी स्रोतांचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. खिडकी अगदीच बंद नव्हती.

ती आणखी उघडून पाहण्याचा प्रयोग समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल यांच्या गटानं केला. त्यांनी ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरोधी विचारांचं खातं फॉलो करायला लावलं. रोज २४ मेसेज समोर येत होते. परिणाम उलटा झाला. रिपब्लिकन वापरकर्ते आधीपेक्षा जास्त उजवीकडे गेले. डेमोक्रॅट किंचित डावीकडे सरकले, पण तो फरक नगण्य होता.

याचं कारण आपल्यापर्यंत समोरच्या बाजूचं काय पोहोचतं, यात शोधावं लागतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१९ च्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या प्रौढांचे ८० टक्के ट्विट फक्त १० टक्के वापरकर्ते करत होते. त्यातलं जे सर्वात भडक, तेच सर्वात दूर जातं. मग एखादं चॅनल तेवढंच वाक्य उचलून त्यावर संध्याकाळची चर्चा लावतं. त्या चर्चेतलं सर्वात कर्कश अर्धं मिनिट कापून पुन्हा मोबाईलवर येतं. प्रत्येक फेरीत मागचा पुढचा संदर्भ गळतो आणि आवाज चढतो.

शेवटी आपल्याला दिसतो तो समोरच्या गटातला सर्वात टोकाचा माणूस, आणि तोच सगळ्यांचा प्रतिनिधी वाटू लागतो. शांतपणे विचार करणारे बाकीचे लाखो लोक काही पोस्टच करत नाहीत, त्यामुळे ते दिसतच नाहीत. उत्पन्नाविषयीचे ते चुकलेले अंदाज असेच तयार होतात.

भारतात आणि महाराष्ट्रात चित्र कसं आहे?

अमेरिकेतले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे दोन मोठे पक्ष आहेत, इथे अनेक. शिवाय इथली फूट अनेकदा पक्षांच्या रेषेपेक्षा धर्म आणि जातीच्या रेषेवर पडते.

दुसरा फरक व्हॉट्सॲपचा. तिथल्या ग्रुपमध्ये मेसेज आले तसे क्रमानं दिसतात, राग मोजून वर आणणारा अल्गोरिदम नसतो. मेसेज पुढे ढकलतो तो माणूसच, आणि तो काका, शाळेतला मित्र किंवा सोसायटीतला शेजारी असल्यामुळे विश्वासही पटकन बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. ती अफवा राजकीय नव्हती, पण फॉरवर्डची ताकद त्यातून दिसली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

चॅनल आणि मोबाईल एकत्र आल्यावर काय होतं, याची नोंद मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात सापडते. मार्च २०२० मध्ये दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मरकजमधून करोना पसरल्याची चर्चा देशभर पेटली. महाराष्ट्रात आलेल्या काही परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांच्यावरचे गुन्हे रद्द केले. देशात साथ पसरायला हेच परदेशी जबाबदार आहेत असं चित्र उभं करण्याचा प्रयत्न झाला, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता दिसते, असं न्यायालयानं नमूद केलं.

निकाल यायला पाच महिने लागले. फॉरवर्ड व्हायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

वापरणाऱ्याच्या हातात काय आहे?

चॅनलचं धोरण किंवा कंपनीचा अल्गोरिदम एकट्या माणसाला बदलता येत नाही. पण वरच्या संशोधनातून काही साध्या गोष्टी निघतात.

• राग आला की थांबा. एखादी पोस्ट वाचताच ती पुढे पाठवावीशी वाटली, तर ती बहुधा त्यासाठीच लिहिलेली आहे.

• कापलेली क्लिप पाहिली तर पूर्ण भाषण किंवा पूर्ण बातमी शोधा. अर्ध्या मिनिटात मागचा पुढचा संदर्भ बसत नाही.

• 'हे लोक असेच असतात' असं वाटलं, तर त्या बाजूची ओळखीची चार माणसं आठवा. ती खरंच तशी आहेत का?

• विरोधी बाजू समजून घ्यायची असेल तर तिथली भांडखोर खाती फॉलो करू नका. त्या बाजूचा शांतपणे लिहिणारा एखादा माणूस वाचा.

• एकाच चॅनलवर विसंबू नका. आपल्या चॅनलनं आज कोणती बातमी दाखवलीच नाही, हे अधूनमधून तपासा.

• चुकीचं काही पाठवलं गेलं असेल तर त्याच ग्रुपवर तसं सांगा. ओळखीच्या माणसावर लोकांचा विश्वास असतो, म्हणून त्याची दुरुस्तीही लोक ऐकतात.

सोशल मीडिया आणि पक्षपाती चॅनल नसते, तर सगळे गुण्यागोविंदानं नांदले असते असं नाही. समाजात फटी आधीपासून होत्या. या दोन माध्यमांनी त्या फटींतून रोज पैसे कमावण्याची सोय केली. आणि त्यांचा हा धंदा चालतो तो समोरच्या माणसाशी प्रत्यक्ष न बोलता, मोबाईलवर दिसलेल्या चित्रावरून त्याच्याविषयी मत बनवण्याच्या आपल्या सवयीवर.